सौदा झाल्याचा दिवस

एखाद्या घराचा सौदा पूर्ण होणार असला की सकाळीच कमलवहिनींचा मला फोन येई. "सुजाता, आज रजिस्ट्रेशन हाय का गं?" मी हो म्हटलं की त्या आपल्या मुलीला मावशीकडे धाडत आणि घरातलं काचेचं काय असेल ते कपाटात बंद करत. बाकीचे एजंट सौदा झाला की पार्टी करतात. वहिनींचे यजमान, म्हणजे आमचे नामदेवभाऊ, मारामारी करत.

चिखलीतल्या त्यांच्या ऑफिसात मी भाडेकरार टाइप करायला लागले तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. भाऊ अंगाने पैलवान, पण बोलणं मऊ. फ्लॅट दाखवताना ते माणसाला आधी किचनच्या खिडकीशी नेऊन उभं करत. "वारं बगा, राव. हॉल पावन्यांसाठी असतो, घर हितं असतंय." असा माणूस पहिल्याच रजिस्ट्रेशननंतर एका रिक्षावाल्याची गचांडी धरताना पाहिला आणि मी हबकलेच. रिक्षा त्यांच्या गाडीला जराशी घासली होती, एवढंच. भाऊंनी त्याला भिंतीवर आपटलं, पुन्हा आपटलं. मग ऑफिसात येऊन पाणी प्यायले आणि सौद्याच्या पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावर ढकलला. "तू खा. मला न्हाई जात."

कारण पुढे त्यांनीच सांगितलं. दिघीचं घर त्यांच्या वडिलांनी विकलं, त्या दिवशी आई दाराची चौकट धरून बसली. ती सोडेना म्हणून वडिलांनी लोखंडी कुलूप घेऊन तिच्या बोटांवर मारलं, हात सुटेपर्यंत. शाळकरी भाऊ पेढ्यांचा पुडा धरून शेजारी उभे होते. "सौदा झाला का त्यो आवाज कानात येतो. मंग म्होरं कोन हाय ते दिसत न्हाई." मग हाच धंदा कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "दुसरं काय येतंय मला?" मला त्यांची दया आली आणि तेवढाच रागही आला. वहिनींवर आपण कधी हात उगारला नाही, असं ते शपथेवर सांगत. वहिनी मात्र या विषयावर काहीच बोलत नसत.

अशात सविताचा फ्लॅट विक्रीला आला. ही लातूरकडची, नवरा चाकणच्या एका कंपनीत. तो तिला मारतो हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक. घर दोघांच्या नावावर होतं, म्हणून सविताने अट घातली, अर्ध्या रकमेचा चेक आपल्या नावाने वेगळा, तरच सही. भाऊंनीच मध्ये पडून नवऱ्याला ते कबूल करायला लावलं.

रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, डावा अंगठा मशीनवर ठेवा." सविताने ओढणीखालून हात काढला. अंगठा वांग्यासारखा सुजलेला, काळानिळा आणि मुळापासून वाकडा. मशीन ठसा घेईना.

"दारात सापडला," ती म्हणाली.

"उजवा घ्या की, चालतंय," नवरा म्हणाला.

भाऊंनी तो अंगठा पाहिला, आणि त्याच क्षणी त्यांच्या फटक्याने नवरा खुर्चीवरून खाली पडला. त्याला कॉलरला धरून त्यांनी आवारापर्यंत फरपटत नेलं. "बाईचा हात मोडून घर इकतो व्हय रं?" नवऱ्याने हातातलं हेल्मेट भाऊंच्या कपाळावर हाणलं, भाऊंनी त्याचा दात पाडला. रक्त बघून घर घेणारं जोडपं निघून गेलं. सौदा मोडला. डोक्याला रुमाल दाबून भाऊ मला म्हणाले, "घर वाचलं बग तिचं." सौद्याच्या दिवशी इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात सविता ऑफिसात आली. ओठ फुटलेला, एक डोळा मिटलेला. भाऊ उठून उभे राहिले.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" ती ओरडली. "मला नगं होतं ते घर! चेक घेऊन तशीच माहेरी जाणार होते मी. बॅग भरून मैत्रिणीकडं ठेवली होती. त्या चेकसाठी अंगठा मोडून घेतला ओ भाऊ, पण हट्ट सोडला नाही. आन् तुम्ही मला पुन्हा त्याच घरात कोंडलं!"

मी पोलिसांचं नाव काढलं. "आधी चेक," ती म्हणाली.  वेगळ्या चेकचं बोलणं भाऊंनीच तर केलं होतं. पण अंगठा दिसला आणि त्यांना फक्त आपली आई दिसली. समोरच्या बाईला काय हवंय, हे विचारायचं राहूनच गेलं.

भाऊ घेणाऱ्यांच्या दारात हात जोडून उभे राहिले आणि त्यांना पुन्हा तयार केलं. नवरा मात्र अडून बसला. सोसायटीत सगळ्यांसमोर मार खा, मग सही करतो, म्हणाला. मी नको नको म्हणत असताना भाऊ गेले. गेटपाशी हात पाठीमागे घट्ट धरून उभे राहिले. आधी थोबाडीत बसल्या, मग बुक्के, मग पोटात लाथ. कपाळाचे टाके उसवून रक्त डोळ्यांत उतरलं. त्या काटकुळ्याला त्यांनी एका हाताने उचलून आपटलं असतं. वॉचमन मध्ये पडायला धावला, तर भाऊच म्हणाले, "न्हाई, हुंद्या त्याचं." मी रडत शिव्या घालत होते. वर गॅलरीत सविता न हलता बघत होती.

सौदा झाला. सविताने चेक पर्समध्ये ठेवला आणि रजिस्ट्रेशन ऑफिसच्या आवारातूनच रिक्षा केली. 

मी भाऊंना घरी घेऊन गेले. वहिनी ओल्या फडक्याने त्यांचा सुजलेला चेहरा पुसत होत्या. भाऊ एकाएकी म्हणाले, "कमल, तुला ऱ्हायाचंय का जायाचंय? खरं सांग."

 वहिनींनी फडकं पिळलं, पुन्हा भिजवलं.

"पोरीचं लगीन हूं द्या. मंग जाते."

मुलीचं लग्न यंदा झालं. वहिनी खेडला भावाकडे गेल्या, त्या कायमच्याच. त्यांची बॅग भाऊंनी स्वतः उचलली, त्यांना एसटीत बसवलं आणि तिथून थेट ऑफिसात येऊन बसले. न राहवून मी विचारलं, "भाऊ, अडवलं का नाही हो?"

"कुटल्या तोंडानं अडवू?" ते म्हणाले. "इचारलं मीच हुतं."