दसऱ्यानंतर बंद पडलेलं मशीन

सोमवारी सकाळी मालतीबाईनं पानं उडवायच्या मशीनची दोरी अकराव्यांदा खेचली. मशीन हूं की चूं करेना. तिनं त्याला अशी काही शिवी हासडली की पंपरूममागे उन्हाला पसरलेलं मांजर उठून चालतं झालं.

खांदेश्वरच्या त्या सोसायटीत मालतीबाईचं तोंड सगळ्यांना माहीत होतं. पंधरा वर्षं ती तिथं बागकाम करत होती. त्यातली पहिली बारा वर्षं नुसता खराटा. बदामाची झाडं तीसेक, पानं ही एवढाली, आणि सकाळी झाडलेलं दुपारी पुन्हा तसंच. बारा वर्षांत तिचा उजवा खांदा कामातून गेला, पण तिचं नाव कुणी विचारलं नाही. ‘ओ बाई, इथलं राहिलं,’ एवढीच काय ती ओळख.

मग तीन वर्षांपूर्वी हे मशीन आलं. पाठीवर अडकवायचं, पेट्रोलवर चालणारं, हातात लांब नळी. कोण शिकणार म्हणून विचारलं तर सगळे माळी एकमेकांची तोंडं बघत बसले. ही पुढं झाली. पहिल्या दिवशी तिनं सी विंगपासून गेटपर्यंतची पानं पाव तासात एका ढिगात आणली, तेव्हा लोक गॅलरीत येऊन बघत होते. तेव्हापासून ती ‘मशीनवाल्या मावशी’ झाली. अशी ओळख मिळालेलं माणूस त्या मशीनला जपणार नाही तर काय करणार?

जपायची तरी किती. दुसऱ्या कुणाला ती हात लावू देत नसे. फक्त पेट्रोल भरायचं काम भैरूकडं होतं. भैरू जतकडचा, पंचेचाळिशीचा, दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा माळी. या मशीनला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात मापानं ऑइल मिसळावं लागतं. ऑइल विसरलं की इंजिन आतून भाजतं आणि कायमचं जाम होतं. भैरू तीन वर्षांत कधी विसरला नव्हता.

दसऱ्याला मशीन मस्त होतं. दुसऱ्या दिवशी सुरूच होईना. मालतीबाईनं मागचापुढचा विचार न करता ठरवून टाकलं, की हे भैरूचंच काम, ऑइल न घालता पेट्रोल ओतलंन.

भैरू शांतपणे म्हणाला होता, “मावशी, मी मापानंच मिसळलंय. पूजेच्या दिवशी आत काय पानी-बिनी गेलं नसंल न्हवं? एकडाव खोलून बगा.”

झालं. तिचा तिळपापड झाला. “माज्या पूजेला नावं ठेवतोस? देवाचं केलं म्हनून मशीन बिघडलं? तुला कोनी ईचारला?” असं म्हणत तिनं गेटवरच्या वॉचमनलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं त्याचा पाणउतारा केला. भैरू गप्प बसला. आणि तो गप्प बसला, म्हणजे चूक त्याचीच, असं ती धरून चालली. शनिवारी कमिटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी विलास कर्णिकांनी विचारलं, तर हिनं उभं राहून सांगितलं, “भैरूनंच मारलं मशीन. अशी मानसं ठेवायची कशाला?” कर्णिकांनी ते वहीत लिहून घेतलं. भैरूला सोमवारी अकरा वाजता कार्ड आणि युनिफॉर्म जमा करायला सांगितलं.

आता सोमवारचे साडेदहा वाजले होते. भैरू रेक्झिनची बॅग मांडीवर घेऊन गेटजवळच्या बाकावर बसला होता, आणि मशीन मेलंय याची एकदा खात्री करावी म्हणून मालतीबाई दोरी खेचत होती.

बाराव्यांदा खेचताना तिचा हात थांबला. दोरी येत होती. नेहमीसारखी, जरा अडून, सरसर येत होती. इंजिन भाजून जाम झालं असतं तर दोरी जागची हलली असती काय?

तिनं भैरूनं मिसळलेल्या पेट्रोलचा कॅन उजेडात धरला. आतलं पेट्रोल हिरवट दिसत होतं. ऑइल होतं त्यात, आणि बरोब्बर होतं. तिच्या डोक्यात तिडीक गेली. पाना घेऊन तिनं प्लग काढला. प्लग ओला. म्हणजे पेट्रोल वरपर्यंत पोचत होतं. प्लग पुसला, वायरीच्या टोपीत बसवला, जरा लांब लोखंडाला टेकवला आणि दोरी खेचली. निळी ठिणगी टच्चकन उडाली. पेट्रोल ठीक, ठिणगी ठीक. एकेक गोष्ट ठीक निघत होती तसतसा तिचा संताप वाढत होता, कारण आता दोष द्यायला भैरूचं असं काही शिल्लक राहिलं नव्हतं.

राहिली होती फक्त हवा.

बाजूचं जाळीचं झाकण तिनं उघडलं. आतला स्पंज, ज्यातून मशीन श्वास घेतं, तो पिवळाजर्द झाला होता. हळद पाण्यात कालवून थापल्यासारखी, मधेमधे कुंकवाचे डाग, वर चिकटलेले तांदूळ, झेंडूच्या दोन पाकळ्या. हवा जायला सुईएवढी जागा नव्हती.

तिचा बाप मिठागरात होता. दसऱ्याला तो फावडं धुवायचा, हळदकुंकू लावायचा, मूठभर अक्षता टाकायचा. तिनं तेच केलं होतं. मशीन नळाखाली धुतलं, ओंजळीनं हळदकुंकू लावलं, अक्षता उधळल्या. बापाच्या फावड्याला आत काही नव्हतं. याला होतं, आणि ते तीन वर्षं पाठीवर वागवूनही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

“मेलीस तू मालती,” ती स्वतःलाच म्हणाली. भैरूनं नेमकं हेच सांगितलं होतं. खोलून बघायला पाच मिनिटं लागली असती.

तिनं स्पंज तसाच बाजूला ठेवला, प्लग बसवला आणि दोरी खेचली. दुसऱ्या झटक्याला मशीन भर्रकन सुरू झालं.

आवाज ऐकून कर्णिक खाली उतरले. अकराला पाच कमी होते. ते हसत जवळ आले आणि मशीनच्या वर आवाज चढवून म्हणाले, “बघा मालतीबाई, भैरू जायच्या आधीच मशीन सुरू. तुमचं बरोबर होतं. त्याचा हातच वाईट.”

मान हलवली असती तर विषय तिथंच मिटला असता. ते तिला कळत होतं. तिनं बटण दाबून मशीन बंद केलं.

“साहेब, हा बघा.” तिनं स्पंज त्यांच्यासमोर धरला. “ही हलद माज्या घरची हाय. मीच मारलं होतं मशीन. भैरू बोलला होता मला, मीच त्याचं तोंड बंद केलं. वहीत त्याचं नाव खोडा. माजं लिहा.”

कर्णिकांनी स्पंजला बोट लावून बघितलं. “बरं, बघू,” म्हणून ते बाकाकडं वळले. “भैरू, कार्ड राहू दे तुझ्याकडं. गैरसमज झाला.”

भैरू उठला. त्यानं कर्णिकांकडं बघितलंच नाही. मालतीबाईच्या हातातल्या पिवळ्या स्पंजकडं बघून म्हणाला, “मशीनला येवढं खोलून बगितलासा, मावशी. मला निस्तं इचारायचं हुतं.”

कार्ड त्यानं बाकावर ठेवलं, युनिफॉर्मची घडी त्यावर ठेवली, बॅग खांद्याला लावली आणि गेटबाहेर पडला. मालतीबाईनं त्याला हाक मारायला तोंड उघडलं. सगळ्या सोसायटीला पुरून उरलेल्या त्या तोंडातून शब्द निघाला नाही.

त्या दिवशीची पानं तिनं खराट्यानं झाडली. खांदा दुखत होता. मशीन चालू असून खराटा का, असं एक-दोघांनी विचारलं, पण तिनं मान वर केली नाही.