ज्ञानप्पूच्या वाट्याचं वचन

नेसपुरमच्या ख्रिस्ती देवळात घंटा वाजवणाऱ्या, केर काढणाऱ्या आणि मयताची खबर घरोघर पोचवणाऱ्या माणसाला कोविलपिळ्ळै म्हणतात, म्हणजे देवळाचं लेकरू. आसीर्वादमने हे लेकरूपण एकतीस वर्षं केलं. वय सदुसष्ट झालं, गुडघे कुरकुरायला लागले, तरी हुद्दा लेकराचाच.

गावात देव पुष्कळांशी बोलायचा. एस्तरक्काशी तर दिवसातून चारदा. "प्रभूने दाखवलं, तुझ्या सुनेला मुलगाच," असं ती ठणकावून सांगायची, आणि मुलगी झाली की म्हणायची, "दाखवलं तेव्हा बाळ गुंडाळलेलं होतं." नवे पाळक गुणसिंग अय्या याच्या अगदी उलट. देवाला जे सांगायचं ते त्याने शास्त्रात सांगून ठेवलंय, आता रोज उठून निरोप धाडायला तो रिकामा बसलाय का, असं त्यांचं म्हणणं. आसीर्वादम दोघांचंही ऐकून घ्यायचा आणि चटया झटकायला लागायचा. त्याच्याशी देव कधी एक अक्षर बोलला नव्हता. त्याला त्याची सवय झाली होती. खंत होती ती त्याच्या बायकोला, ज्ञानप्पूला.

"एकतीस वर्षं त्याच्या घरात राबताय, आणि तो तुम्हाला साधी हाक मारत नाही?" ती म्हणायची. "तुमचंच लक्ष नसणार. माझ्याकडे तरी कुठे असतं."

नव्या वर्षाच्या सकाळी मात्र देव सगळ्यांशीच बोलायचा, आणि तो आसीर्वादमच्या हातातल्या तबकातून. शिवकाशीहून शास्त्रातल्या वचनांची छापील कार्डं यायची. उपासना संपली की एकेकाने पुढे यायचं, डोळे मिटायचे आणि एक कार्ड उचलायचं. जे हाताला येईल ते त्या वर्षापुरतं देवाचं त्याच्याशी बोलणं. मग ते वर्षभर दाराच्या चौकटीवर चिकटलेलं असायचं.

फार वर्षांपूर्वी एका बाईने नवरा पुरून पंधरा दिवस झाले असताना कार्ड उचललं. त्यावर नवराबायकोच्या सुखाचं वचन निघालं. ती तिथेच मटकन बसली. पुढच्या वर्षी ती आली तेव्हा आसीर्वादमने विधवांना सांभाळणाऱ्या देवाचं कार्ड तबकाच्या कडेला, बरोबर तिच्या बोटांखाली येईल असं ठेवलं. एकदा केलं, मग सवयच लागली. परीक्षेला बसणाऱ्याला धीराचं, भांडखोर भावांना समेटाचं. डोळे मिटलेल्या माणसापुढे तबक कसं धरायचं, हे त्याला चांगलं जमायला लागलं. यात पाप आहे असं त्याला कधी वाटलं नाही. उलट मनातल्या मनात तो देवाच्या हातून झालेल्या चुका निस्तरत होता.

या डिसेंबरात ज्ञानप्पूच्या हाताला छातीतली गाठ लागली. तिचं जेवण सुटलं. नव्या वर्षाच्या सकाळी ती रांगेतून पुढे आली, आणि आसीर्वादमने तिच्या बोटांखाली ते कार्ड सरकवलं, ज्यात देव म्हणतो की तुला बरं करणारा मीच. त्या दुपारी ती महिन्याने पोटभर जेवली.

फेब्रुवारीत पाळैयंकोट्टैच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ईस्टरच्या आत गाठ कापून काढा, नंतर आमच्या हातात काही राहणार नाही. ज्ञानप्पूने घरी येऊन दारावरच्या कार्डाकडे बोट दाखवलं.

"तो 'मी' म्हणालाय. डॉक्टर म्हणालाय का?"

तीन आठवडे आसीर्वादम डोकं आपटत राहिला. चेन्नईहून लेक फोनवर रडली. एस्तरक्का येऊन आगीत तेल ओतून गेली, चाकू लावलास तर तो अविश्वास ठरेल म्हणाली. शेवटी त्याने अय्यांकडे जाऊन तबकाची सगळी हकिकत सांगून टाकली. आता देवळाच्या किल्ल्या जाणार, अशी त्याने मनाची तयारी केली होती.

अय्यांनी किल्ल्या मागितल्या नाहीत.

"देव असा चिठ्ठ्यांतून बोलत नाही, हे तुम्हीच येऊन तिला सांगा ना," आसीर्वादम म्हणाला.

"सांगितलं की परवा. ती म्हणाली, अय्या, तुमच्याशी बोलत नसेल." अय्या कसनुसे हसले. "आता तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. जा, खरं ते सांगा."

दुपारी ती शेवग्याचा पाला निवडत होती. आसीर्वादम शेजारी बसला आणि त्याने सांगितलं. विधवेपासून सुरुवात करून तिच्यापर्यंत आला. तिचे हात थांबले नाहीत.

"म्हणजे चारशे कार्डांतनं माझ्यासाठी तेच काढावंसं वाटलं तुम्हाला?"

"हो."

"मग ते तुमच्या मनात कोणी घातलं?"

आसीर्वादमला रडू येईना की हसू येईना. आयुष्यातलं सगळ्यात अवघड खरं बोलून झालं होतं आणि ते पालथ्या घड्यावर पाणी ठरलं होतं. तो थकला होता. घंटेचा दोर, गुडघे, हा तीन आठवड्यांचा वाद, सगळ्याने थकला होता. आणि तोंडातून निघून गेलं, "बरं. मग त्यानेच मला सांगितलंय, उद्या पहिल्या गाडीने तुला इस्पितळात न्यायचं."

तिचे हात थांबले.

"कधी सांगितलं?"

"आत्ता."

"तुम्हाला?"

"मला."

त्याला तिच्याकडे बघवेना. एस्तरक्काची जन्मभर टिंगल करणारा माणूस तिच्याच पंगतीला येऊन बसला होता. हे खोटं होतं का, हेही त्याला धड सांगता आलं नसतं. बोलायच्या आधी ते वाक्य त्याच्या डोक्यात नव्हतं, एवढंच त्याला ठाऊक होतं.

ज्ञानप्पू उठली. खुंटीवरची पिशवी काढून तिने दोन साड्या भरल्या, आणि भरता भरता रडायला लागली. गाठीपायी ती एकदाही रडली नव्हती.

"एकतीस वर्षांनी," ती म्हणाली. "एकतीस वर्षांनी बोलला हो तुमच्याशी."

सकाळच्या गाडीत त्यांना जागा मिळाली. बाहेर तांबडी वाळू आणि ताडाची झाडं मागे पडत होती. बऱ्याच वेळाने ती त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "आवाज कसा होता हो त्याचा?"

आणखी रचून सांगायचं त्राण आसीर्वादममध्ये उरलं नव्हतं.

"दमलेला," तो म्हणाला.

"असणारच," ज्ञानप्पू म्हणाली. "किती वर्षं हाका मारत होता तुम्हाला."