अपील नाही, आऊट नाही

बेसबॉलवर मी लिहावं हा तसा आगाऊपणाच आहे. हा खेळ मी कधी खेळलो नाही. बघितला तोही नोकरीचा भाग म्हणून, तोंडावर लोखंडी जाळी बांधून. लेखनाचा अनुभव म्हणाल तर ऑफिसचे मेमो आणि घरी अब्बांना पत्रं, एवढाच. पण हा किस्सा मी ओळखीच्या लोकांना इतक्यांदा सांगितला आहे की शेवटी त्यांनीच, 'आता लिहून टाक, म्हणजे आमची सुटका होईल,' असं सुचवलं. तेव्हा चुकलंमाकलं तर आधीच माफी मागतो.

कुवेतवर इराकी फौज शिरली त्या वर्षीचा हिवाळा. रियाधमधल्या एका मोठ्या कंपाऊंडच्या ग्राउंडवर मी उभा होतो आणि अंगावरचा चेस्ट गार्ड घसरून पोटाखाली आला होता. तो बनवला होता एखाद्या धिप्पाड अमेरिकन माणसासाठी. माझं वजन तेव्हा त्याच्या निम्मं असेल.

'कंपाऊंड' म्हणजे परदेशी कुटुंबांची भिंतीआडची वसाहत. आत घरं, शाळा, स्विमिंग पूल, ग्राउंड. मी तिथल्या रिक्रिएशन ऑफिसात क्लार्क होतो. बॉल, बॅट, रॅकेट देणं-घेणं, ग्राउंडचं बुकिंग करणं हे माझं काम. मी मूळचा रत्नागिरीकडचा. बाहेरून बी.कॉम. करत होतो. आमच्या घरात कॉलेजचं पुस्तक आणणारा मी पहिलाच, त्यामुळे कुठलीही गोष्ट पुस्तकातून शिकता येते यावर माझा फार विश्वास होता. पुढे जे घडलं त्याला हा विश्वासही थोडा जबाबदार आहे.

बॉसनं, म्हणजे मिस्टर हॅरिसनं, मला सोमवारी केबिनमध्ये बोलावलं.

"हनीफ, तू शुक्रवारी सुलैच्या मैदानावर क्रिकेटची अंपायरिंग करतोस असं कळलं."

"करतो सर. मला बॅटिंग जमत नाही, म्हणून उभं करतात."

"तुझा मुलगा आमच्या हायस्कूल टीममध्ये नाही ना?"

"सर, माझं लग्न व्हायचंय."

"फारच छान! गुरुवारी बेसबॉलला तू अंपायर."

मग त्यानं प्रॉब्लेम समजावून सांगितला. हायस्कूलच्या मॅचना जे जाणते अंपायर होते ते युद्धाच्या भीतीनं बायकामुलांसकट अमेरिकेला परतले होते. त्यांच्या जागी खेळाडूंचे वडील उभे राहू लागले. एका मॅचमध्ये बॉलिंग टाकणाऱ्याचाच बाप अंपायर होता. त्याचे निर्णय ऐकून दुसऱ्या बाजूचा एक बाप कुंपणावरून उडी मारून आत आला. त्याच्या पुढच्या मॅचमध्ये दोन बापांनी एकमेकांचे शर्ट फाडले. शाळेच्या प्रिन्सिपॉलनी सांगून टाकलं होतं, आणखी एक भांडण झालं की लीग बंद आणि ग्राउंडला कुलूप.

"निम्मी मुलं निघून गेली आहेत," हॅरिस म्हणाला. "जी उरलीत त्यांना रात्री घरात गॅस मास्क कसा लावायचा ते शिकवतात. संध्याकाळचा हा खेळ सोडला तर त्यांच्याकडे काहीही नाही. मला कोण जिंकतं याच्याशी घेणं नाही. भांडण होता कामा नये."

मी नियमांचं पुस्तक खोलीवर नेलं आणि परीक्षेला बसल्यासारखं वाचलं. खालच्या बंकवर युसुफभाई पडले होते. ते आमच्याच तालुक्यातले, कंपाऊंडची बस चालवायचे, माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे.

"काय रे, पाठ करतंस काय?"

"क्रिकेटसारखंच आहे, युसुफभाई. पिचर म्हणजे बॉलर, कॅचर म्हणजे विकेटकीपर. बॉल मारायचा आणि पहिल्या बेसवर, म्हणजे पहिल्या ठाण्यावर, पळायचं. असे तीन बेस करून मारल्या जागी, 'घरी', परत आलं की एक रन. बॉल आधी पोचला तर आऊट, माणूस आधी पोचला तर सेफ."

"मग त्यात भांडतात कशावरून?"

"आधी कोण पोचलं यावरून."

"म्हणजे क्रिकेटच झाला," असं म्हणून ते कुशीवर वळले.

गुरुवारी दुपारी असरच्या नमाजानंतर मॅच सुरू झाली. आमच्या कंपाऊंडची टीम आणि शहराच्या पलीकडच्या कंपाऊंडची टीम. पाहुण्यांचा कोच वॉल्टर नावाचा मोठ्या आवाजाचा माणूस होता. पन्नाशीचा, लाल मानेचा. त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आमच्या कोचला विचारलं, "ह्या चिलखताच्या आत कोणी आहे का?"

पहिली इनिंग ठीक गेली. इथे प्रत्येक टीमला सात वेळा बॅटिंग मिळते, त्यातली ही पहिली. पिचरचा बॉल बरोबर आला तर मी 'स्ट्राइक' म्हणायचो, वाईट आला तर 'बॉल'. वाईड आणि नो-बॉल द्यायची सवय असल्यामुळे हे जमलं. कोणी कॅच पकडला की फील्डर आनंदानं ओरडायचे, मी बोट वर करायचो. सगळे खूश.

दुसऱ्या इनिंगमध्ये आमच्या एका मुलानं बॉल जमिनीलगत मारला आणि तो पळाला. पाहुण्यांच्या फील्डरनं बॉल पहिल्या बेसवर फेकला. तिथं उभा असलेला मुलगा शांत स्वभावाचा होता, च्युइंगगम चघळत होता. त्यानं बॉल झेलला. आमचा मुलगा तेव्हा दोन पावलं मागे होता. आऊट होता, स्वच्छ आऊट. पण च्युइंगगमवाला काही बोलला नाही. त्यानं बॉल पिचरला परत दिला.

मीही काही बोललो नाही.

ज्यांनी क्रिकेटमध्ये अंपायरिंग केली आहे त्यांना हे सांगायला नको. आमच्याकडे फील्डिंग करणाऱ्यांनी विचारल्याशिवाय अंपायर कोणालाही आऊट देत नाही. त्याला अपील म्हणतात. माणूस कितीही आऊट असो, कोणी विचारलं नाही तर अंपायर आपल्या टोपीखाली गप्प उभा राहतो. आऊट नसताना बॅट्समन चुकून निघालाच, तर त्याला परत बोलवायचं, असाही नियम आहे. आमचा मुलगा मान खाली घालून बेंचकडे निघाला होता. मी प्रामाणिकपणे माझं काम केलं.

"बेटा, परत ये," मी हाक मारली. "तू नॉट आऊट आहेस."

मग वॉल्टर आला. तो चालत येत होता, पण मला तो ट्रक आल्यासारखा वाटला.

"तो दोन पावलं मागे होता!"

"हो सर. मी पाहिलं."

"पाहिलंस? मग?"

"कोणी विचारलं नाही सर."

"काय विचारायचं?"

"हाऊज दॅट."

मी त्याला अपील म्हणजे काय ते समजावून सांगितलं. माझं इंग्लिश तेव्हा हळू चालायचं, त्यामुळे वेळ लागला. तोवर त्याची मान लालची जांभळी झाली.

"बेसबॉलमध्ये असलं काही नसतं!"

"पुस्तकात अपील आहे सर," मी म्हणालो. ते खरं होतं. काही ठरावीक बाबतीत होतं. मी ते सगळ्या बाबतीत आहे असं धरून चाललो होतो.

वॉल्टरनं आकाशाकडे बघितलं. मग प्रत्येक शब्द वेगळा करून म्हणाला, "मी ही मॅच अंडर प्रोटेस्ट खेळतो आहे."

बेसबॉलमध्ये अशी सोय आहे. अंपायरनं नियमच चुकीचा लावला असं वाटलं तर कोचनं तसं जाहीर करायचं. मॅच चालू राहते. नंतर कमिटी बसून ठरवते की अंपायर चुकला का. चुकला असेल तर मॅच त्याच चेंडूपासून पुन्हा खेळवतात. मला ही व्यवस्था फार सुसंस्कृत वाटली. शर्ट फाडण्यापेक्षा कितीतरी बरी.

वॉल्टर गेल्यावर मी चेस्ट गार्ड ओढून वर घेतला. माझं चुकलं असावं हे मला आता कळलं होतं. पण आमच्या मुलाला एका नियमानं वाचवून पुढच्याला दुसऱ्या नियमानं मारायचं, हे मनाला पटेना. मी दोन्ही कॅप्टनना बोलावलं आणि सांगितलं, "आज जो विचारेल त्याला उत्तर मिळेल. दोघांनाही सारखंच."

आमचा कॅप्टन केव्हिन हा कॅचर होता. सतरा वर्षांचा, चेहऱ्यावर मुरुमं आणि हसू. तो म्हणाला, "म्हणजे आम्ही अंपायरवर ओरडायचं, आणि ते लीगल?"

"नुसतं लीगल नाही," मी म्हणालो. "जरुरीचं आहे."

त्याचे डोळे जे चमकले ते मला अजून आठवतात.

सुरुवातीला मुलं लाजत-लाजत विचारायची. "एक्सक्यूज मी, हाऊ वॉज दॅट?" कुंपणाबाहेर युसुफभाई बस लावून उभे होते, बरोबर आमचे आणखी दोन-तीन ड्रायव्हर. त्यांना हे बघवेना. युसुफभाईंनी जाळीला तोंड लावून हिंदीत सुरुवात केली, "अरे ऐसा नहीं, बच्चा! ऐसा!" आणि ते दोन्ही गुडघ्यांवर बसले, दोन्ही हात आभाळात, आणि असे गरजले की बाजूच्या स्विमिंग पूलवरची मांजरं पळाली.

"हाऊज द्याऽऽऽट!"

त्यानंतर मॅच माझ्या हातात राहिली नाही. चौथ्या इनिंगपर्यंत अठरा अमेरिकन पोरं प्रत्येक बॉलला गुडघ्यावर होती. पिचर मागे वळून दोन्ही हात पसरायचा. लांब उभे असलेले फील्डर, ज्यांना काही दिसणं शक्यच नव्हतं, ते धावत येऊन ओरडायचे. च्युइंगगमवाल्यानं गम थुंकून टाकला आणि त्याचा आवाज सगळ्यांत मोठा निघाला. मी 'नॉट आऊट' म्हणून मान हलवली की सगळे डोक्याला हात लावून कोसळायचे, आणि पुढच्या बॉलला पुन्हा तयार.

आणि बाप? बाप सगळ्यांत खूश होते. आजवर ते अंपायरवर ओरडले की त्यांना गप्प बसवलं जायचं. आता ओरडायला रीतसर परवानगी होती. ज्या दोघांनी एकमेकांचे शर्ट फाडले होते ते शेजारी-शेजारी उभे राहून एकत्र अपील करत होते. ते वेगवेगळ्या टीमचे होते, हे त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. मी त्यांना दोनदा सांगितलं की प्रेक्षकांचं अपील धरत नाहीत. त्यांनी त्यावरही अपील केलं.

हॅरिस बाकावर बसून डोळे पुसत होता. रडत होता की हसत, ते मला जाळीतून नीट दिसलं नाही.

फक्त वॉल्टर गप्प होता. हाताची घडी घालून.

शेवटची इनिंग. आमची बॅटिंग संपलेली, आम्ही एका रननं पुढे. पाहुण्यांचा शेवटचा गडी आऊट करायचा बाकी, त्यांचा एक मुलगा दुसऱ्या बेसवर. पुढच्यानं बॉल जोरात मारला. दुसऱ्या बेसवरचा पळत सुटला, तिसरा बेस ओलांडून थेट घरापर्यंत. तो पोचला तर बरोबरी. बॉल आला, केव्हिननं झेलला आणि घसरत येणाऱ्या मुलाच्या खांद्याला लावला. धूळ उडाली. बेसला हात लागायला वीतभर राहिला होता.

आऊट. मॅच आमची.

केव्हिननं मास्क उडवला. आमची सगळी टीम त्याच्या अंगावर पडली. ग्लोव्हज हवेत, टोप्या हवेत, बाप मैदानात.

आणि या सगळ्या गोंधळात विचारायचं सगळेच विसरले.

मी गप्प उभा राहिलो. पाहुण्यांच्या बेंचवरचं एक पोरगं उठलं आणि किंचाळलं, "त्यांनी विचारलं नाही! पळ!" ज्यानं बॉल मारला होता तो दुसऱ्या बेसवर पोचला होता. तो पुन्हा पळत सुटला. घसरलेल्या मुलानं बेसला हात लावलाच होता, म्हणजे बरोबरी; आता हाही घरी आला असता तर पाहुणे जिंकले असते. आणि मग आमच्या बापांनी काय केलं असतं, याचा विचारही मला करवेना.

वॉल्टर मैदानात आला. थेट माझ्यासमोर.

"तो आऊट आहे का?"

"सर, तुम्हाला विचारता येत नाही. तुमची बॅटिंग आहे."

त्यानं डोळे मिटले. पळणारा तिसऱ्या बेसला पोचला होता. मग वॉल्टर वळला आणि त्या मुलांच्या ढिगाकडे बघून आपल्या त्या मोठ्या आवाजात ओरडला, "बेटा! त्या माणसाला विचार!"

ढिगाच्या तळातून केव्हिनचं डोकं बाहेर आलं. "हाऊज दॅट?"

मी बोट वर केलं. पळणारा घरापासून दोन पावलांवर थांबला.

"तुम्ही जिंकला असता सर," मी हळूच म्हणालो.

"मी जिंकेन तर बेसबॉलमध्ये जिंकेन," वॉल्टर म्हणाला. "हे जे काय होतं, त्यात नाही. आणि माझा प्रोटेस्ट कायम आहे."

त्यानं हात पुढे केला. माझा हात त्याच्या पंज्यात नाहीसा झाला. भांडण झालं नाही. ग्राउंडला कुलूप लागलं नाही.

प्रोटेस्टचा निकाल मात्र येईना. कमिटीतला एक जण बहरीनला, एक टेक्सासला. मग जानेवारीत युद्धच सुरू झालं. सायरन वाजला की आम्ही खिडक्यांना टेप लावलेल्या खोलीत मास्क घालून बसायचो. युसुफभाई मास्कच्या आतून विचारायचे, "काय रे हनीफ, ह्या मिसाइलला पण अपील लागतंय काय? आपण नाय विचारला तर नाय पडणार?" मास्कमध्ये हसलं की काच धुरकट होते. आम्ही आंधळे होऊन हसत बसायचो.

त्या एका मॅचमधून मी जे शिकलो ते एवढंच. अंपायरनं नियम चुकीचा लावला तरी लोक चालवून घेतात. फक्त तो दोघांना सारखाच चुकीचा लावायला हवा, आणि ओरडायला जागा ठेवायला हवी.

युद्ध संपलं, टेप निघाली, कुटुंबं हळूहळू परतू लागली. एका सकाळी हॅरिसनं मला केबिनमध्ये बोलावलं. फोन अजून त्याच्या हातातच होता.

"कमिटीचा निकाल आला. प्रोटेस्ट मान्य. तू चुकलास."

"हो सर," मी म्हणालो.

"आमची जीत रद्द. मॅच दुसऱ्या इनिंगपासून पुन्हा, येत्या गुरुवारी. अंपायर कोण हवा ते दोन्ही कोचना विचारलं." त्यानं फोन खाली ठेवला. "आधी वॉल्टरनंच तुझं नाव घेतलं."