मार्था वहिनीची मंद आच

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज सुनेने डुकराच्या ताज्या मटणाखालचा गॅस भसकन मोठा केला आणि मी ओरडलोच, "आच कमी कर!" ती दचकली. राग तिच्यावर नव्हता.

हे मटण घाई सोसत नाही. मसाला-व्हिनेगर लावून मंद आचेवर ठेवलं, की पाण्याच्या थेंबाशिवाय स्वतःच्या चरबीतच लोण्यासारखं होतं. माझ्या थोरल्या भावाची बायको, मार्था वहिनी, तसंच रांधायची. गावातल्या प्रत्येक लग्नात मटण तिच्याच हातचं.

माझ्या मुलाच्या बाप्तिस्म्याला पाहुणे लवकर आले. वहिनी मटण चुलीवर ठेवून साडी बदलायला गेली होती. मीच चुलीत लाकडं कोंबली, वर तांब्याभर गार पाणी ओतलं. मटण चिवट झालं.

"वहिनी, डुक्कर रांधलंत की चप्पल?" पंगतीत पाहुणे हसले. आयुष्यभर तिच्या हातचं खाऊन बोटं चाटणारी हीच तोंडं! आणि त्यांच्यासोबत मीही निर्लज्जासारखा हसलो. पुन्हा तिला कुणी रांधायला बोलावलं नाही.

तिच्या शेवटच्या आजारात मी उशाशी जाऊन बसलो.

"काय भावोजी, काही बोलायचंय?"

"पेज घेतलीस का?" एवढंच विचारून मी उठलो.

वहिनी, जाळ मी वाढवला होता. मला माफ कर.