आई माझ्या ताटातला घास का खायची

मंडळी, आज दुपारी जेवताना सहा वर्षांचा नातू म्हणाला, "आजी, माझ्या ताटातलं आधी तू खा." मला पुढे जेवताच येईना. घरच्यांना कारण सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

एकोणीसशे बासष्टच्या आसपासची गोष्ट. आम्ही दारव्ह्याला राहायचो, वडील कचेरीत कारकून. माझा दादा आणि ताई, दोघांच्याही डोक्यावर परिणाम झाला होता. जेवणात विष आहे, असे आवाज त्यांना ऐकू यायचे. आई दोघांच्याही ताटातला पहिला घास स्वतः खाऊन दाखवायची, तेव्हा कुठे ते जेवायचे.

मी सात वर्षांची होते. एकदा म्हटलं, "आई, माह्या ताटातलं बी खा नं."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "काहून? तुले बी आवाज येते काय वं?"

मला फक्त ती माझ्याजवळ बसायला हवी होती. मी "हो" म्हटलं.

तेव्हापासून ती माझाही पहिला घास चाखत राहिली. माझ्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा, कोणाला दिसू न देता.

आता आई, दादा, ताई, तिघंही नाहीत. खरं काय ते मी आईला कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तिचा जीव हलका झाला असता की अजून तुटला असता? तुम्हाला काय वाटतं?