हुडकेश्वरकडून येणारा ऑटो

माझा धंदाच संशयाचा. ऑपेरा गाणाऱ्यांना मी पियानोवर साथ करते आणि त्यांचे इटालियन, जर्मन उच्चार घासूनपुसून घेते. समोरच्यानं शब्द बरोबर म्हटला तरी मी म्हणते, पुन्हा म्हण. मुंबईत अनेक वर्षं हेच केलं, मग मुंबई सोडून इकडे मनीषनगरात फ्लॅट घेऊन पियानो तिसऱ्या मजल्यावर चढवला. खालच्या काकूंना अजून वाटतं, वर कुणाचं तरी भांडण चाललंय.

माझी सगळ्यात गुणी विद्यार्थिनी कोराडीची. वडील वीज केंद्रात, घर तिथल्याच कॉलनीत. परदेशातल्या एका संगीत विद्यालयासाठी तिची मुंबईत चाचणी होती, तीही तोंडावर आलेली. अशी मुलगी मला पुन्हा मिळणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी तिच्यावर डोळा ठेवून होते.

एका रविवारी बाल्कनीतून पाहिलं, तर बाईसाहेब हुडकेश्वरकडून आलेल्या ऑटोतून उतरल्या. कोराडी शहराच्या एका टोकाला, हुडकेश्वर दुसऱ्या. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

त्या दिवशी गाणंही वेगळंच. वरच्या स्वरावर रेंगाळायची तिची जुनी खोड. तिथं मी पियानो थांबवून ठेवायचे, तिचा श्वास झाला की पुढे. आज तिनं स्वर वेळेत सोडला, झटकन श्वास घेतला आणि माझ्याआधी पुढच्या ओळीवर पोचली. हे मी शिकवलं नव्हतं. पुढच्या रविवारी पुन्हा ऑटो त्याच बाजूनं. हुडकेश्वरला हे कोण उपटलंय? माझ्या घासलेल्या उच्चारांची काय वाट लावेल? आठवडाभर मी नुसती जळत होते.

शेवटी विचारलंच. "काहून वं, हुडकेश्वरले कोण हाय तुयं?"

ती गडबडली नाही. "एक दादा हाय, मॅडम. पियानो वाजवते. त्याच्यासंग प्रॅक्टिस करून राहिली."

"माह्या वाजवण्यात काय खोट हाय?"

"खोट नाई. तुमी माह्यासाठी थांबता. तिथं मुंबईले चाचणीत जो वाजवन, तो काहून थांबन? हा दादा थांबतच नाई."

मला राग आला. ती खरं बोलली म्हणून जास्तच आला. "उभी राह," म्हणाले आणि पियानो उघडला.

या वेळी मी थांबायचं नाही असं ठरवूनच बसले. वरचा स्वर आला, मी सरळ पुढे गेले, तीही रेंगाळली नाही. मग दुसऱ्या पानावरच्या जलद जागेत माझी बोटं अडकली. सांधे धरतात हल्ली. हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. पियानो क्षणभर गप्प झाला. तिनं आपला स्वर तसाच लांबवला, माझी बोटं जागेवर येईपर्यंत, जणू रचनेत ते तसंच होतं. मग आम्ही दोघी पुढे गेलो. मी कुठं अडकणार हे तिला शोधायची गरजच पडली नव्हती. ती जागा तिच्या सवयीची होती.

"कवापासून थांबून राहिली वं माह्यासाठी?" मी विचारलं.

ती पाण्याची बाटली पिशवीत कोंबत होती. "जातो मॅडम, बस चुकन."

कोराडीच्या बसला अजून बराच अवकाश होता.