ओब्राद म्हाताऱ्याचं मत

यासेनोवा गावातल्या निम्म्या लोकांना कोसारानं जगात आणलं होतं आणि उरलेल्यांना कधी ना कधी सुई टोचली होती. सदतीस वर्षं ती दवाखान्यात नर्स होती. हिवाळ्यात ‘मोराचा’ नावाच्या नदीच्या खोऱ्यातला रस्ता बर्फानं बंद झाला की खालून डॉक्टर येत नसे, मग तीच डॉक्टर. उंच, हाडकुळी, बोलायला फटकळ. नवरा तरुणपणीच गेला. एकुलती एक लेक दुन्या लग्न होऊन बेलग्रेडला राहायची. मी गावच्या शाळेत मास्तर होतो आणि तिच्या शेजारच्याच घरात राहत होतो, म्हणून हे सगळं जवळून पाहिलं. त्यातलं एक प्रकरण तर असं, की त्या वेळी मी त्या खोलीत नसतो तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

२००६ सालच्या मे महिन्यात आमच्या मॉन्टेनेग्रोनं ठरवायचं होतं, सर्बियाबरोबर एकत्र राहायचं की वेगळं व्हायचं. शंभरातली पंचावन्न मतं पडली तरच वेगळं होता येईल, अशी अट होती. चोपन्न पडली तर सगळं मुसळ केरात. त्यामुळे एकेका मताला सोन्याचा भाव आला होता. गावात दोन कॉफीची दुकानं. वेगळं व्हायचं म्हणणारे वरच्या दुकानात बसू लागले, एकत्र राहू म्हणणारे खालच्या. सोयरे सोयऱ्यांकडे जाईनात. एका घरात बाप आणि लेक वेगवेगळ्या वेळी जेवायला बसायचे. मी खालच्या दुकानातला. माझी आई सर्बियातली. तिच्या माहेरी जायला मला परदेशात जावं लागावं हे मला पटत नव्हतं. ते मी कधी लपवलं नाही.

कोसाराचा धाकटा भाऊ ब्लाझो वरच्या दुकानाचा म्होरक्या. त्याची लाकूड कापायची गिरणी होती, आवाजही गिरणीसारखाच. म्हातारा बाप ओब्राद त्याच्याकडेच राहायचा. ओब्रादचं वय अठ्ठ्याऐंशी. उभी हयात रेल्वेच्या बोगद्यांत सुरुंग लावण्यात गेली होती. पहिल्या महायुद्धानंतर आमचा देश सर्बियात विलीन झाला, तेव्हा ओब्रादचा बाप बंदूक घेऊन डोंगरात गेला होता. तो परत आलाच नाही. फेब्रुवारीपासून म्हातारा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, “हे एक मत टाकलं की मी मरायला मोकळा.”

कोसारा मात्र कुणाच्याच दुकानात बसली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, “तुझी जीभ बघू. पांढरी पडलीय. कॉफी कमी कर.”

पण गप्प राहणाऱ्यालाही लोक सोडत नव्हते. एक दिवस ब्लाझो तिच्या अंगणात येऊन ओरडला, “लेक बेलग्रेडला आहे म्हणून तोंडाला कुलूप! बापाची मुलगी आहेस की जावयाची सासू?”

“दोन्ही आहे,” ती म्हणाली. “आणि तुझी मोठी बहीणपण आहे, तेव्हा आवाज खाली.”

दुसऱ्या सकाळी तिच्या फाटकावर कुणीतरी लाल रंगानं लिहिलं होतं, ‘बेलग्रेडची सासू’. मी पुसायला फडकं घेऊन गेलो. ती ते वाचत उभी होती. “राहू दे मास्तर. अक्षर बघ कसलं आहे. तुझाच विद्यार्थी असणार.” हसली, पण कुलूप लावल्यावर ते तिनं दोनदा ओढून पाहिलं.

मतदान केंद्राचा प्रमुख निवडायची वेळ आली तेव्हा तीन बैठका झाल्या. आम्ही सुचवलेलं नाव त्यांना चालेना, त्यांचं आम्हाला. शेवटी दोन्हीकडून एकच नाव आलं, कोसारा. ती म्हणाली, “मला यात ओढू नका. उद्या दोघंही मलाच चावाल.” पण बाईनं कधी कुणाच्या हाकेकडे पाठ फिरवली नव्हती. तयार झाली. केंद्रावर दोन्ही बाजूंची माणसं असायची होती. वेगळेवाल्यांकडून ब्लाझो आला, एकत्रवाल्यांकडून मी.

आजाऱ्यांना घरून मत देता यायचं, त्यासाठी आधी लेखी अर्ज करावा लागे. मतदानाच्या आठ दिवस आधी ओब्रादनं स्वतःच्या हातानं सही केली. कोसारासमोर, माझ्यासमोर. डोकं अगदी लख्ख होतं. सही झाल्यावर मला डोळा मारून म्हणाला, “मास्तर, तुझं एक मत कटलं बघ.”

मतदान रविवारी होतं. सकाळी सातपासून शाळेबाहेर रांग. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बोटावर शाईचा फवारा मारायचा, यादीत खूण करायची, कागद द्यायचा. दुपारी एकला डबा आणि सीलबंद पाकिटं घेऊन आजाऱ्यांच्या घरी जायची वेळ आली. त्यांच्या यादीत एकच नाव होतं, ओब्रादचं.

मी म्हणालो, “कोसारा, तू नको जाऊस. तुझाच बाप, तुझाच भाऊ. उपप्रमुखाला पाठव.”

“मी गेले नाही तर म्हणाल, तोंड लपवलं. गेले तर म्हणाल, बापाचं मत राखलं. मग जाऊनच ऐकते.”

वाटेत ब्लाझो दहा पावलं पुढे चालत होता. मला ते विचित्र वाटलं. एरवी तो माझ्या कानाशी येऊन टोमणे मारत असे. दारात पोचल्यावर तो वळला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “बाबा जरा थकलेत. लवकर उरकू.”

आम्ही आत गेलो. ओब्राद पलंगावर उशांना टेकून बसवलेला होता. स्वच्छ सदरा, दाढी केलेली. लांबून सगळं ठीक दिसत होतं. कोसारा दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. म्हाताऱ्याच्या तोंडाची डावी बाजू ओघळलेली होती. डावा हात पांघरुणाखाली दडवला होता. तिनं पांघरूण काढलं, हात उचलला आणि सोडला. तो दगडासारखा खाली पडला.

“कधी?” तिनं विचारलं.

ब्लाझो खिडकीकडे बघत होता.

“ब्लाझो, कधी झालं हे?”

“गुरुवारी. सकाळी.”

“गुरुवारी! आज रविवार आहे. माझं घर तुझ्या घरापासून चार मिनिटांवर आहे.”

“तू त्यांना इस्पितळात हलवलं असतंस,” ब्लाझो म्हणाला. “मत गेलं असतं. त्यांची इच्छा होती ताई. तुला ठाऊक आहे, मास्तरला ठाऊक आहे. अख्ख्या खोऱ्याला ठाऊक आहे.”

त्या क्षणी ती त्याच्या थोबाडीत मारेल असं मला वाटलं. तिनं खिशातून फोन काढला, खाली अॅम्ब्युलन्सला कळवलं, गुरुवारची वेळ सांगितली. मग खुर्ची ओढून बापासमोर बसली. मी डबा छातीशी धरून उभा होतो. हरकत घेणं माझं काम होतं, त्यासाठीच मला पाठवलं होतं.

“घ्यायची असेल तर हरकत घे मास्तर,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “लाजू नकोस.”

“माणूस शुद्धीवर आहे की नाही ते पाहावं,” मी कसंबसं म्हणालो.

“पाहते.” ती बापाकडे झुकली. “बाबा, मी कोसारा. आज कोणता दिवस आहे?”

म्हाताऱ्याचे डोळे तिच्यावर स्थिरावले. जीभ जड होती, पण शब्द कळत होते. “सगळे बाहेर आले का?”

“कोण बाबा?”

“पोरं. आत कुणी राहिलंय का? मोजा रे. मोजल्याशिवाय वात पेटवू नका.”

कोसारानं मतपत्रिका बापासमोर धरली, दोन्ही शब्द बोटानं दाखवले. “बाबा, आपण वेगळं व्हायचं का, हा प्रश्न आहे. हे ‘हो’ आणि हे ‘नाही’. कशावर गोल करायचा?”

“मोजा,” म्हातारा म्हणाला.

तिनं पुन्हा विचारलं. पेन त्याच्या उजव्या हातात दिलं. त्यानं ते चाचपलं आणि उशीखाली सरकवलं, कुणी चोरू नये म्हणून ठेवतात तसं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी तिचा आवाज फाटला. म्हातारा डोळे मिटून काहीतरी मोजत होता. नऊवर अडखळायचा, पुन्हा एकपासून सुरू करायचा.

ब्लाझो पुढे आला. “दे इकडे. मी त्यांचा हात धरतो. मदतनीस चालतो, नियमात आहे.”

“मदतनीस कोण ते मतदार सांगतो. त्यांना विचार, तू कोण आहेस.”

“त्यांचं मत काय आहे हे सगळ्यांना माहीत आहे!”

“सगळ्यांना माहीत आहे रे. फक्त त्यांना माहीत नाही.”

“ताई, हात जोडतो तुला.” तो खरंच गुडघ्यावर बसला. एवढा आडदांड माणूस. “त्यांचा बाप यासाठी मेला. अठ्ठ्याऐंशी वर्षं थांबलेत ते. एक गोल. एवढासा गोल. मास्तर काही बोलणार नाही. बोलशील का रे मास्तर?”

आता सांगतो, मी बोललो नसतो. त्या खोलीत तिनं गोल करू दिला असता तर मी मान खाली घालून सही केली असती.

कोसारानं मतपत्रिकेची घडी केली, पाकिटात घातली आणि त्यावर लिहिलं, मतदार मत देण्याच्या अवस्थेत नाही. खाली सही केली. माझ्यापुढे धरलं, मी सही केली. ब्लाझोपुढे धरलं, तर तो त्यावर थुंकला.

“लेकीसाठी केलंस,” तो म्हणाला. “जावयासाठी बापाचं मत खाल्लंस. आजपासून मला बहीण नाही.”

तिनं पाकीट पदराला पुसावं तसं झग्याला पुसलं. “अॅम्ब्युलन्सला पाऊण तास लागेल. तोवर बाबांना कुशीवर वळवायला मदत कर. घशात लाळ जातेय.”

तो पाऊण तास आम्ही तिघं त्याच खोलीत होतो. तिनं बापाचं तोंड पुसलं, पाठ चोळली. ब्लाझो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. अॅम्ब्युलन्स गेल्यावर ती आमच्याबरोबर शाळेत परतली, संध्याकाळी एकेक मत हातानं मोजलं आणि निकाल वाचला. गावात ‘हो’ एकशे त्रेसष्ट, ‘नाही’ एकशे एकाहत्तर.

देशाचा निकाल उलटा लागला. पंचावन्नाची रेषा ओलांडली, पण जेमतेम, दोन-सव्वादोन हजार मतांनी. वरच्या दुकानात बंदुकीचे बार झाले, खालचं दुकान दोन दिवस बंद होतं. लोक कोसाराची समजूत घालायला आले. “जाऊ दे ना. ओब्रादच्या मताशिवायही जमलंच की.” ती उखडली. “आणि एका मतानं गेलं असतं तर मी चुकले असते का? असं बोलायचं असेल तर माझ्या दारात येऊ नका.” आमच्या बाजूचे आले ते तिची पाठ थोपटायला. त्यांना तर तिनं उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. त्या दिवशी मला कळलं की तिच्याजवळ आता कुठलीच बाजू उरली नाही.

ओब्राद नवव्या दिवशी इस्पितळातच वारला. देश स्वतंत्र झाला हे कोसारानं त्याच्या कानात सांगितलं होतं. त्याला कळलं की नाही, ते तिलाही सांगता आलं नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या नावाचं पत्रक छापून खांबाखांबावर, झाडाझाडावर लावतात. खाली शोकात असलेल्यांची नावं. मुलगा ब्लाझो, सून, नातवंडं, पुतणे. मुलीचं नाव नव्हतं. कोसारा दवाखान्याच्या कोपऱ्यावर थांबली, ते वरपासून खालपर्यंत वाचलं. मी शेजारी होतो. मग ती घरी गेली आणि तीन दिवस खिडक्या उघडल्या नाहीत.

ब्लाझोच्या घरी कुळाच्या संताचा सण डिसेंबरात असतो. त्या दिवशी कुणाला बोलावत नाहीत आणि आलेल्याला कुणी हाकलत नाही, वैऱ्यालासुद्धा. त्या डिसेंबरात कोसारानं काळा झगा घातला आणि मला म्हणाली, “चल मास्तर. एकटी गेले तर पाय वळतील माघारी.”

आम्ही गेलो. ब्लाझोनं दोन पेल्यांत राकिया, म्हणजे फळांची दारू, ओतली, आमच्यासमोर ठेवली, आणि पाठ फिरवली. कोसारानं पेला संपवला, ब्रेडचा तुकडा खाल्ला, मेणबत्तीला नमस्कार केला आणि निघाली. पुढच्या वर्षी तसंच. त्याच्या पुढच्या वर्षीही. दर वर्षी परत येताना वाटेत ती विचारायची, “जाडा झालाय ना? दम लागतोय त्याला.”

या दरम्यान एकदा मी धीर करून विचारलं, “त्या दिवशी तू स्वतः कशाला मत दिलंस?”

“डबा बंद झाला मास्तर,” ती म्हणाली. पुन्हा मी विचारलं नाही.

पाचव्या वर्षी बर्फ खूप होतं, पाहुणे थोडे आले होते. ब्लाझोनं राकिया ओतली, पण पाठ फिरवली नाही. समोरच्या बाकावर बसला. बराच वेळ टेबलावरचे ब्रेडचे कण बोटानं गोळा करत राहिला.

“गुरुवारी सकाळी पडले ते,” तो म्हणाला. “मी तुला हाक मारायला हवी होती.”

“हो,” कोसारा म्हणाली. “मारायला हवी होती.”

“वाचले असते?”

त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात थबकली. मला वाटलं, आता तरी ही खोटं बोलेल. चार माणसं बसली होती, सणाचा दिवस होता, आणि समोर भाऊ असा बसला होता. तिच्या जागी मी असतो तर बोललो असतो.

“माहीत नाही,” कोसारा म्हणाली. “कदाचित. त्याच दिवशी नेलं असतं तर कदाचित.”

ब्लाझोनं मान हलवली. हलवतच राहिला. मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कोसारा उठली, बाकाच्या त्या बाजूला गेली आणि त्याच्याशेजारी बसली. त्याच्या अंगाला हात लावला नाही. नुसती बसली. ब्लाझोच्या बायकोनं भरलेल्या कोबीचं ताट आणून दोघांच्या मधे ठेवलं.

त्या वर्षी ती लवकर निघाली नाही.